रिपोर्ट मुलांना परस्पर पाठवू नकोस

प्रिय सानू,

तुझा मेसेज वाचला. फोनवर हे सगळं सलग बोलणं होत नाही, तू सारखी प्रॅक्टिसच्या गडबडीत असतेस, म्हणून लिहूनच पाठवतोय, निवांत वाच. समोरच्या टीमचा अभ्यास करून तू बनवलेले रिपोर्ट हेड कोच उघडूनसुद्धा बघत नाहीत आणि तुझे डायरेक्टर म्हणतायत त्यांना सोड, थेट टीममधल्या मुलांच्या फोनवर टाक, तर टाकू का असं तू विचारलंयस. माझं म्हणणं नको टाकूस. का ते सांगतो, आणि त्यासाठी आपल्या एंजल्सचंच, आपल्या गावच्या बेसबॉल टीमचं, सांगतो, कारण ते सगळं इथे ॲनाहाइमला आपल्या डोळ्यादेखत घडलं. तू तेव्हा शाळेत होतीस आणि तुझं सगळं लक्ष आपला स्टार बॅटर ट्राउट याच्याकडे, वर ऑफिसात काय धुमसतंय ते तुला कुठून कळणार.

माइक सोशा 2000 पासून मॅनेजर, म्हणजे बेसबॉलमधला हेड कोचच. 2002 ला त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकून दिली, एंजल्सची आजवरची एकुलती एक. स्वतः शेजारच्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमचा कॅचर, बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा, 1981 आणि 1988 च्या जिंकलेल्या टीममधला, त्यामुळे इथे त्याचा दबदबा केवढा होता ते तुला माहितीय. मालक मोरेनोने 2009 ला त्याला पार 2018 पर्यंतचं कॉन्ट्रॅक्ट देऊन टाकलं. आणि मग 2011 च्या ऑक्टोबरमध्ये जेरी डिपोटो जनरल मॅनेजर म्हणून आला. तोही माजी खेळाडू, रिलीफ पिचर म्हणजे मॅचच्या मधे बॉल टाकायला येणारा, पण आकड्यांना धरून चालणारा. आता कागदावर बघायला गेलं तर डिपोटो वरचा, टीममध्ये कोणाला घ्यायचं कोणाला काढायचं ते तो ठरवणार आणि आज मैदानात कोण उतरणार ते सोशा. पण ज्याचं कॉन्ट्रॅक्ट तुझ्यापेक्षा कितीतरी लांब आहे आणि ज्याच्यावर मालकाचा इतका भरवसा आहे त्याला तू नक्की काय सांगणार? मला विचारशील तर भांडणाचं मूळ इथेच आहे, दोघांच्या स्वभावात नाही. एका म्यानात दोन तलवारी मालकानेच ठेवल्या.

सोशा हट्टी होता, हे मीही म्हणतो. डिपोटो यायच्या आधीचं नॅपोलीचं प्रकरण बघ. माइक नॅपोली कॅचर, बॅट जबरदस्त, पण सोशाला कॅचर हवा तो प्लेटमागे पक्का असलेला, म्हणून तो जेफ मॅथिसलाही भरपूर खेळवायचा, आणि मॅथिसची बॅट काही चालायची नाही. शेवटी 2011 च्या जानेवारीत नॅपोलीला ट्रेड केलं, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकलं, तो फिरून टेक्सासला गेला आणि त्याच वर्षी 30 होमरन मारून वर्ल्ड सिरीज खेळला, तेही आपल्याच गटातल्या टीमकडून, आपल्यासमोर. मला ते अजून खुपतं.

पण डिपोटोची सुरुवातही काही धड झाली नाही. 2012 ला नावाजलेला बॅटर पुहोल्स आला, 10 वर्षं, 240 मिलियन डॉलर, आणि पहिला होमरन मे उजाडल्यावर. टीम हरत होती, आणि मेच्या मध्यावर डिपोटोने हिटिंग कोच मिकी हॅचरला काढलं. हॅचर म्हणजे सोशाचा 1988 च्या त्या डॉजर्स टीममधला जोडीदार, 2000 पासून त्याच्या बाजूला बसणारा माणूस. कोच बदलायचा अधिकार डिपोटोला होता, नाही असं नाही, पण त्या दिवसानंतर वरून आलेला प्रत्येक कागद खाली संशयानेच घेतला गेला असणार, माणसाचं मन असंच चालतं.

2014 ला 98 मॅच जिंकल्या, सगळ्या लीगमध्ये सर्वात जास्त, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, कॅन्सस सिटीने 3-0 ने घरी पाठवलं. जिंकत होतो तोवर सगळं झाकलेलं होतं. 2015 च्या जूनअखेर मात्र फुटलं, आणि बघ बाळा, फुटलं ते नेमकं तुझ्याच मुद्द्यावर! डिपोटोचं ऑफिस समोरच्या टीमचा अभ्यास करून माहिती तयार करत होतं आणि त्याची तक्रार होती की कोच ती खेळाडूंपर्यंत पोचवतच नाहीत. मीटिंग झाली, शब्दाला शब्द लागला, पुहोल्ससुद्धा डिपोटोला बोलला असं तेव्हा छापून आलं होतं. 1 जुलैला डिपोटोने राजीनामा दिला. सीझन ऐन मध्यावर असताना! त्याच्या जागी तात्पुरता बिल स्टोनमन आला, म्हणजे ज्याने सोशाला मुळात नेमलं होतं तोच.

त्या वर्षी आपण 85 जिंकलो आणि ह्यूस्टन 86. एका मॅचने प्लेऑफ हुकला, शेवटच्या दिवशी. ती एक मॅच त्या भांडणातच गेली असं मी म्हणणार नाही, पण त्या माहितीचा नीट उपयोग झाला असता तर, असं मनात येतंच. आणि त्यानंतर आजतागायत ट्राउटने प्लेऑफ बघितलेला नाहीये.

माहितीच्या बाबतीत डिपोटो बरोबर होता, मला यात शंका नाही, आज सगळ्याच टीम त्याच वाटेने चालल्यात. पण मुलगा चार वेळा आउट होऊन डगआउटमध्ये येतो तेव्हा तो कोचच्या तोंडाकडे बघतो, फोनकडे नाही. उद्या खेळवणार की बसवणार ते कोचच्या हातात आहे. तू परस्पर पाठवलंस आणि कोचने उलटं सांगितलं तर मधल्या मधे तो एकोणीस वर्षांचा पोरगा भरडला जाणार. आणि डायरेक्टर उद्या हात वर करतील, खापर तुझ्यावर.

म्हणून असं कर. आधी डायरेक्टरांना सरळ विचार की हा निर्णय कोचना कळवलाय का, आणि ते मेलवर लिहून घे. मग कोचकडे जा, लॅपटॉप न घेता जा, आणि त्यांना फक्त एवढं विचार की या शुक्रवारी समोर असलेल्या टीममधल्या कोणत्या बॅटरची तुम्हाला काळजी वाटतेय. ते दोन-तीन नावं सांगतील. तेवढ्यांचंच काम कर, खिशात मावेल एवढं एक कार्ड बनव, कोणाचे बॉल कुठे पडतात आणि आउटफिल्डरने किती पावलं सरकायचं, बस, चाळीस पानं नको. कार्ड कोचच्या हातात दे आणि मुलांना त्यांनाच देऊ दे. तुझं नाव त्यावर नसलं तरी चालेल, निदान या सीझनला.

तरीही त्यांनी बघितलं नाही तर तू गप्प बस असं मी अजिबात सांगणार नाही. तिघांनी एका खोलीत बसावं अशी मागणी कर, तू, कोच आणि डायरेक्टर, आणि कोणाचा शब्द शेवटचा ते त्या दोघांच्या तोंडून वदवून घे.

शुक्रवारची मॅच झाली की फोन कर, कितीही उशीर झाला तरी, मी जागा आहे. आईने लाडू पाठवलेत, पोचले की सांग.

तुझा,
बाबा