बंबातल्या पिशव्या आणि बाबांचा स्कॅन

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबांच्या छातीच्या सीटी स्कॅनवरून माझा आवाज चढला, तो मनावर घेऊ नका. बाबा एकदा 'नाही म्हणजे नाही' म्हणाले की पुढचं बोलणंच होत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, 'एक सीटी म्हणजे सत्तर एक्स-रे' हे तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही. छातीच्या एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणाऱ्या किरणांचं हे माप), सीटीला ७ च्या आसपास. पण जमिनीतून, आकाशातून, खाण्यापिण्यातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे हा तीनेक वर्षांचा हप्ता एकदम भरायचा, इतकंच.

किरण पेशीत शिरला की बहुतेकदा डीएनएला, म्हणजे पेशीचा सगळा हिशेब जिथे लिहिलेला असतो त्याला, थेट लागत नाही. तो पेशीतलं पाणी फोडतो आणि पाण्याचे ते खवळलेले तुकडे डीएनएला चावतात. डीएनएच्या दोन पट्ट्या म्हणजे तुम्ही सोसायटीत लिहायचात ती रोजकीर्द आणि खतावणी समजा. एकीवर शाई सांडली तर दुसरीवरून उतरवून काढता येतं. किरण असोत-नसोत, पेशी हे काम रोज हजारो वेळा करते. ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पंचाईत होते ती दोन्ही वह्या एकाच जागी फाटल्या तर. मग टोकं जमतील तशी जोडली जातात आणि मधली एखादी नोंद कायमची जाते. एका स्कॅनमध्ये सरासरी पेशीमागे अशी एकसुद्धा फाट येत नाही. धोका अगदी शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण एक्स-रेत दिसलेला तो डाग कसला, हे न बघता बसणं मला जास्त भीतीचं वाटतं.

आता आई, तू. हसू नकोस. पहाटे बंब पेटवताना ढलप्यांबरोबर दुधाच्या पिशव्या कोण कोंबतं? आणि थंडीत बाबा चहा घेऊन शेकायला तिथेच बसतात! अर्धवट जळण्याच्या धुरात बेंझोपायरीन नावाचं द्रव्य असतं. ते मुळात एवढं उपद्रवी नाही. शरीर त्याला विरघळवून बाहेर काढायला जातं आणि त्या खटपटीतच त्याला नांगी फुटते. डीएनएचा मजकूर ज्या अक्षरांत लिहिलेला असतो, त्यातल्या 'जी' अक्षराला ते चिकटून बसतं, आणि पेशीने नक्कल काढली की 'जी'च्या जागी 'टी' पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हीच चूक जागोजागी सापडते. बाबांनी जन्मात विडीला हात लावला नाही, पण बंबाशेजारी तीस वर्षं बसले. शिवाय धुरातले बारीक कण केसाच्या पंचविसाव्या हिश्श्याहून लहान. ते फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, आणि त्यांना गिळायला गेलेल्या पेशीच आग ओकायला लागतात. खोकला येतो तो 'हवा बदलली म्हणून' नाही गं.

स्कॅन एकदाचा आहे, बंब रोजचा. 'बंबाच्या पाण्याची ऊब वेगळी' हे मलाही माहीत आहे, दिवाळीत मीच हट्ट करते. पण निदान पिशव्या धुऊन भंगारवाल्याला दे, आणि बाबांची खुर्ची ओसरीवर हलव.

मंगळवारची वेळ घेतली आहे. सकाळच्या एसटीने निघा, मी स्वारगेटला येते. जुना एक्स-रे विसरू नका, तो कपाटावर कॅलेंडरच्या गुंडाळीत आहे. आणि आई, शिकेकाई संपली आहे.

तुमची,
ताई