हिटीची धार तोटीत नसते, वरच्या वाटेत असते

प्रति,
संपादक,

काठमांडूच्या सहलीवरच्या लेखांत पशुपतिनाथ, स्वयंभू आणि पाटणचा दरबार चौक हमखास असतात. त्याच चौकातली इ.स. 570 ची मंगहिटी, म्हणजे जमिनीखाली उतरून जायचा दगडी तोट्यांचा पाणवठा, मात्र बहुधा राहून जाते. तिच्या वाटेवरचे मणिमंडप 2015 च्या भूकंपात कोसळले, तेवढीच काय ती बातमी झाली.

हिटी म्हणजे बारव नव्हे. बारवेत उतरून पाणी भरावे लागते. हिटीत पायऱ्या उतरल्या की समोरच्या भिंतीतल्या मकरमुखातून धार आपसूक पडत असते. सारा खेळ उताराचा. डोंगरातले पाणी राजकुलो नावाच्या पाटाने तळ्यांत यायचे (खोऱ्यातल्याच भक्तपूर शहराचा राजकुलो राजा जितामित्र मल्लाने 1678 मध्ये बांधवला), तळ्यांतून वाळूच्या थरात मुरायचे आणि वाळू-खडीच्या गाळणीतून नळाने तोटीपर्यंत पोचायचे. नळाभोवती काळी चिकणमाती ठासत, म्हणजे पाणी वाटेत झिरपत नाही. काठमांडूचे हे खोरे एकेकाळी सरोवर होते, ही माती त्याचाच गाळ.

म्हणूनच हिटी आटली की तोटीत दोष शोधणे व्यर्थ. नळ कुठेतरी इमारतीच्या पायाने तुटलेला असतो, तळे बुजवून तिथे बांधकाम झालेले असते, नाहीतर बोअरवेलींनी वाळूतले पाणी खाली गेलेले असते. निचऱ्याची मोरी तुंबली तर उलट होते: खड्डा भरतो आणि तोटीच बुडते. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला, सिथी नखाच्या सणाला, खोऱ्यातले नेवार लोक विहिरी, तळी, हिटी उपसून साफ करतात. मुहूर्त अचूक आहे. पावसाच्या तोंडावर पाणी सर्वांत खाली असते, तेव्हाच गाळ हाताला लागतो.

काठमांडूसाठी दूरवरून आणलेले मेलम्ची नदीचे पाणी 2021 च्या मार्चमध्ये बोगद्यातून शहरात आले आणि जूनमधल्या पुराने उगमाकडची बांधकामे गाळात गाडली. पाटणच्या आल्कोहिटीचे पाणी मात्र रहिवाशांनी टाकीत साठवून घरोघर वाटण्याची सोय केली आहे.

आपल्याकडे बारवांची सफाई सुरू आहे, तिच्या बातम्या आपण आवर्जून छापता. त्यात झरे कुठून येतात आणि त्या वाटेवर काय बांधले गेले आहे, हेही विचारून छापावे, ही विनंती.

एक वाचक, पुणे