शनिवारचा स्लॅम : नाव दिलेल्यांनी आणि ऐकायला येणाऱ्यांनी वाचावे

सभासदहो, कवी मार्क स्मिथ यांनी १९८६ मध्ये शिकागोच्या ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये सुरू केलेला स्लॅम, म्हणजे श्रोत्यांनीच गुण द्यायची कविता-सादरीकरणाची स्पर्धा, पुढे अमेरिकाभर पसरला. तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत रूढ झालेलेच नियम आपणही पाळणार आहोत.

कविता स्वतःची हवी. वेळ ३ मिनिटे, वर १० सेकंदांची सवलत. त्यानंतर सुरू होणाऱ्या दर १० सेकंदांना अर्धा गुण वजा. बहुतेक जण इथेच अडकतात. घड्याळ कवितेच्या पहिल्या ओळीला नव्हे, श्रोत्यांशी पहिला संपर्क होताच सुरू होते. ‘नमस्कार’ आणि प्रस्तावनाही त्यातच धरली जाते. हशा-टाळ्यांना थांबावे लागते, म्हणून घरी पावणेतीन मिनिटांतच बसवा.

डफ, वेशभूषा, ध्वनिमुद्रित संगीत चालणार नाही. कागद चालेल, पण चेहरा झाकू देऊ नका. माईक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला, चार बोटांच्या अंतरावर धरा. नाहीतर ‘फ’, ‘भ’ फुटतात.

परीक्षक पाच, श्रोत्यांतूनच. स्पर्धकांचे नातलग-मित्र नकोत. ७.८, ८.४, ८.५, ८.९, ९.६ मिळाले, तर टोकाचे दोन वगळून बेरीज २५.८. परीक्षकांचा हात बसावा म्हणून आधी स्पर्धेबाहेरचा एक कवी सादर करेल. तरीही रात्र चढते तसे गुण चढतात, त्यामुळे क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरेल. चिठ्ठी बदलून मिळणार नाही.

श्रोत्यांनी मोकळेपणाने दाद द्यावी. गुण पटले नाहीत तर परीक्षकांवर ओरडायची मुभा आहे, कवीवर नाही.