त्या एका मिनिटाबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मानसोपचाराच्या शेवटच्या सत्रानंतर आभार मानायचे म्हणून दाराशी थांबलो होतो, पण कंठ दाटून आला आणि नुसतेच हात जोडून निघालो. तेव्हा राहून गेलेले आज उघडपणे लिहितो आहे, कारण मी दोन वर्षे ज्या अवस्थेत काढली, त्या अवस्थेत आजही कितीतरी जण असतील.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी तीन डॉक्टरांना दाखवले होते. छातीत धडधड, हातांना मुंग्या आणि आता आपण मरणार अशी खात्री; प्रत्येक वेळी ईसीजी मात्र नॉर्मल. हृदय ठणठणीत आहे हे त्यांनी तपासून सांगितले, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मग मला होते आहे ते काय, असे विचारले तेव्हा ‘विचार करणे सोडा’ एवढेच उत्तर मिळाले आणि पुढच्या रुग्णाला हाक गेली. ते शब्द अजून सलतात.

हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके आहेत, हे मला प्रथम तुम्ही सांगितलेत. लिफ्ट, बैठका, गर्दी असे एकेक टाळत गेल्याने मिळणारी घटकाभराची सुटकाच भीतीला खतपाणी घालत होती, हेही तुमच्यामुळेच उमगले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डॉ. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीनुसार तुम्ही मला माझेच विचार वहीत उतरवून तपासायला लावलेत. ‘धडधडले म्हणजे हृदयविकाराचा झटका’ या वाक्यासमोर मी लिहिले होते: असे वाटले ४३ वेळा, झटका आला एकदाही नाही. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

पण मन भरून येते ते पाचव्या सत्राच्या आठवणीने. एक मिनिट मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन तीच लक्षणे अंगावर आणायची होती आणि मी साफ नकार दिला. तुम्ही आग्रह केला नाहीत, समजावत बसला नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवलात, खुर्ची माझ्या शेजारी ओढलीत आणि स्वतःच तसा श्वास घ्यायला सुरुवात केलीत. काही क्षणांनी मीही सुरू केले. मिनिट संपल्यावर तुम्ही हात पुढे केलात. बोटे थरथरत होती. ‘बघा, मलाही मुंग्या आल्या आहेत,’ असे म्हणून, जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे हे घडते, असे सांगितलेत. थोड्या वेळात दोघांचेही हात शांत झाले.

ज्ञान असलेली माणसे मला पूर्वीही भेटली होती. स्वतःचा मान जरा बाजूला ठेवून घाबरलेल्या माणसाच्या शेजारी येऊन बसणारी मात्र फार थोडी. अशी माणसे ज्या खोलीत असतात, तिथे खरे बोलण्याची लाज वाटत नाही.

गेल्या आठवड्यात भरलेल्या लिफ्टमध्ये पुन्हा धडधड सुरू झाली. मी मधल्या मजल्यावर उतरलो नाही. सातव्या मजल्यापर्यंत तसाच उभा राहिलो आणि स्वतःच्या हाताकडे पाहिले. बोटे थरथरत होती, त्या दिवशी तुमची थरथरली होती तशीच.

आपला कृतज्ञ,
एक जुना रुग्ण