तुझ्या गाण्यातला श्वास कुठे गेला?

प्रिय आदू,

परवा फोनवर नीट बोलणं झालंच नाही, तू चिडलास, मग मीही आवाज चढवला आणि मुद्दा राहिला बाजूला, म्हणून लिहितेय. सावकाश वाच, लगेच रिप्लाय नको देऊस.

तुझं गाणं मी त्या रात्री हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. चाल तुझी स्वतःची आहे, कुणाची उचललेली नाही, शब्द तर मला पाठ झालेत. पण दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी दर वेळी मी अडखळले. तिथे तू श्वास घेतोस रे. लहानपणापासून घेतोस, वरच्या सुराला जायच्या आधी एकदम भरून, आणि दाराबाहेर मला तो ऐकू आला की कळायचं, आता हा वर जाणार. मी हातातलं काम थांबवून उभी राहायचे. तोच नाहीये आता. विचारलं तर तू म्हणालास, "अगं आई, श्वास काढून टाकतात, नाहीतर घरी रेकॉर्ड केल्यासारखं वाटतं." सुरुवातीचा गिटारचा तुकडाही गेला, कारण लोक स्किप करतात.

स्किपचं मला समजतं. तूच सांगितलं होतंस की स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकणं मोजतच नाहीत, म्हणजे तेवढ्या वेळात माणूस पळून जाता कामा नये, म्हणून हूक, म्हणजे गाण्यातला पकडून ठेवणारा तुकडा, आधी आणायचा. ठीक आहे, पोटापाण्याचं गणित आहे ते. पण गाणं हळूहळू उलगडायची जी मजा असते ना, थोडं थांबवून ठेवायचं, मग सूर लागला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, त्याला ३० सेकंद कसे पुरणार? आणि सगळ्यांनीच तसं करायला घेतलं तर दहा गाणी ऐकून अकरावं कुठलं तेच कळत नाही, हल्ली माझं तसंच होतं, आणि ते वयामुळे आहे असं मला खरंच वाटत नाही.

ऑटोट्यूनवरून, त्या सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, मी तुला बोलले ते जरा जास्तच झालं. त्याचा कलेसाठी वापर करणारे आहेत, १९९८ मध्ये शेर या गायिकेने 'बिलीव्ह' गाण्यामध्ये केला तो उघडउघड केला, तो यंत्रासारखा आवाज ऐकणाऱ्याला कळावा म्हणूनच होता. ज्याने ते बनवलं तो अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधायला ध्वनिलहरींचं गणित करायचा, हे तू सांगितलंस तेव्हा मला किती भारी वाटलं होतं. माझं भांडण त्या सॉफ्टवेअरशी नाही. माझं म्हणणं एवढंच की तुझा सूर तिथे चुकलाच नव्हता, तरी तो सरळ करून टाकला. आमच्या गाण्याच्या बाई दमसासावर महिनोन्महिने मेहनत करून घ्यायच्या, श्वास कुठे घ्यायचा, किती घ्यायचा, कसा पुरवायचा, कारण गाणारा माणूस आहे हे तिथेच कळतं.

आता अवॉर्डचं. तुला आठवतं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ग्रॅमीची नॉमिनेशन्स आली आणि द वीकेंड या तुझ्या गायकाचं कुठेच नाव नव्हतं? वर्षभर सगळीकडे 'ब्लाइंडिंग लाइट्स' वाजत होतं आणि यादीत शून्य. तू रात्रभर झोपला नव्हतास, उशी भिजली होती तुझी, मी तेव्हा "अरे एवढं काय त्यात" म्हणाले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर कळलं की बऱ्याच विभागांत अंतिम नावं गुप्त समित्या ठरवायच्या, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ग्रॅमी देणाऱ्या अकादमीने त्या बंदच केल्या. म्हणजे तुझं रडणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं.

माझा विश्वास त्याच्या खूप आधी उडाला होता. मिली व्हॅनिली नावाची जोडी होती, दोन देखणी पोरं, लांब वेण्या, काय नाचायची. आमच्या ग्रुपमध्ये त्यांची कॅसेट हातोहात फिरायची. १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना बेस्ट न्यू आर्टिस्टचं ग्रॅमी मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये निर्मात्याने कबूल केलं की रेकॉर्डवर त्यांचा आवाजच नाही. ग्रॅमी परत घेतलं गेलं. गंमत बघ, आदल्या वर्षी एका लाईव्ह शोमध्ये टेप अडकून एकच ओळ परत परत वाजत राहिली होती, तरी पुढे अवॉर्ड मिळालंच. सगळ्यांनी त्या दोघांना शिव्या घातल्या, मीही घातल्या. आता आई म्हणून विचार करते तर वाटतं, ती तिशीच्या आतली पोरं होती, त्यांना पुढे उभं करणारे मोठे लोक मागे होते, आणि ज्यांचे खरे आवाज होते ते दिसायला चालणार नाहीत म्हणून स्टुडिओतच राहिले. त्या दोघांपैकी एक १९९८ मध्ये गेला. मला ती कॅसेट फेकवली नाही. आवाज खरेच होते ना, कुणाचे तरी.

अवॉर्ड सगळी खोटी असं मी म्हणत नाहीये. तबलावादक झाकीरभाईंना (झाकीर हुसेन) २०२४ मध्ये एकाच दिवशी तीन ग्रॅमी मिळाली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत बसले होते. पण ती दुपारच्या कार्यक्रमात दिली गेली, टीव्हीवरच्या मुख्य सोहळ्याच्या आधी. नव्वदहून जास्त विभाग आणि टीव्हीवर येतात मोजकेच, बाकी वेळ कोण काय घालून आलं, कोण कुणाशेजारी बसलं, हरल्यावर कॅमेऱ्यात कुणाचा चेहरा कसा दिसला. आणि आपल्या लताबाई बघ, फिल्मफेअरमध्ये १९५९ ला पार्श्वगायनाचं अवॉर्ड सुरू झालं ते पहिलं त्यांनाच, आणि १९७० च्या सुमारास त्यांनीच सांगितलं की आता माझा विचार नको, नवीन गाणाऱ्यांना द्या. त्यानंतर काय त्यांचं गाणं कमी झालं?

म्हणून तुला आलेल्या त्या मेलमुळे माझा जीव वरखाली होतोय. "उभरता कलाकार" म्हणून निवड झाली, अभिनंदन, पण आधी फी भरा, ट्रॉफीचे वेगळे, टेबलाचे वेगळे. राजा, ज्यांनी तुझं गाणं ऐकलं असेल ते त्यातल्या एखाद्या ओळीबद्दल तरी लिहितील की नाही? मी तो मेल तीनदा वाचला, गाण्याचं नावसुद्धा नाहीये त्यात. पैशांचा प्रश्न नाही, बाबा लगेच द्यायला तयार आहेत, त्यांना तुझा स्टेजवरचा फोटो हवाय. पण तो फोटो आपण विकत घेतलाय हे तुला दर वेळी बघताना आठवेल, आणि तू मनाला लावून घेतोस, मला माहितीये. नको भरूस.

आणि एक काम कर. स्टुडिओत जायच्या आधी तू फोनवर गाऊन ठेवलं होतंस ना, ज्यात मागे पंख्याचा आवाज आहे आणि मध्येच मी दार वाजवलंय, ती फाईल डिलीट केली नसशील तर मला पाठव. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीचं मला ऐकायचंय.

तुझी,
आई