तांडेलकाकांना, वावळीच्या वतीने

तांडेलकाका,
सादर नमस्कार.

"ह्या खाता काय?" वावळी या आमच्या काल्पनिक समुद्री जनावराचं पहिलं चित्र बघून तुम्ही एवढंच विचारलंत: हे खातं काय? चित्रात देवमाशाची शेपटी होती, मोरीचे (शार्कचे) दात होते, माकुलाचे (स्क्विडचे) हात होते. फक्त उत्तर नव्हतं. त्या प्रश्नासाठी हे जाहीर आभार. उद्या दुसरं कोणी समुद्रातलं काल्पनिक जनावर काढायला बसलं तर त्यालाही उपयोग व्हावा, म्हणून जरा तपशिलात लिहितो आहोत.

खाणं ठरलं की तोंड ठरतं. वावळी तळावरची शिंपली फोडून खाते, म्हणून तोंड पोटाकडे आणि दात फरशीसारखे सपाट. मग डोळे पाठीवर राहिले, म्हणजे समोरचा घास तिला दिसत नाही. पाकट, म्हणजे अशाच अंगाचा तळावरचा खरा चपटा मासा, काय करते? वासावर चालते, आणि तोंडाभोवतीच्या बारीक छिद्रांतून भक्ष्याच्या अंगातली वीज तिला कळते. ती छिद्रं आम्ही ०.१च्या पेनाने ठिपके देऊन काढली. पोटाकडे कल्ल्यांच्या पाच-पाच फटी दोन्ही बाजूंना आल्या. पण डोळ्यांमागची दोन भोकं राहिली होती. तुम्ही तिथे नख टेकवलंत आणि म्हणालात, ही वाळूत बसली की गुदमरणार. तळावर बसल्यावर पाणी आत घ्यायची वाटच ती. खालच्या तोंडाने घेतलं तर वाळू आत जाईल.

शेपटीची चूक तर सगळेच करतात. देवमासा शेपूट वर-खाली मारतो, मासा डावीकडे-उजवीकडे. माशाच्या अंगाला आडवी शेपटी जोडली की जनावर पोहत नाही, खुंटीला टांगल्यासारखं दिसतं. पाकट तर शेपटीने पुढे जातच नाही, अंगाच्या कडेची लाट तिला नेते. म्हणून कड काढताना ती सरळ रेघेसारखी ठेवायची नाही; एका जागी लाट चढती, पुढे उतरती. विषारी काटाही शेपटीच्या टोकाला नसतो, बुडाच्या बाजूला असतो. त्याचे दाते मागे वळलेले, त्यामुळे शिरताना होते त्याहून जास्त इजा काढताना होते. टोकाला भाल्यासारखा काटा दिसला की ओळखावं, चित्रकाराने पाकट फक्त ताटात बघितली आहे.

माप तुमच्याच हातांचं घेतलं. दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण सहा फूट. तेवढी तिची रुंदी, आणि शेपूट दीड वाव. नावही तिथूनच आलं: वाव अधिक वागळी, म्हणजे पाकटच. (वावळाच्या झाडाशी काही संबंध नाही, लोक विचारतात.) शेजारी होडी काढल्याशिवाय हे माप डोळ्यांत भरत नाही, म्हणून प्रत्येक पानावर एक होडी आहेच.

आता कथा. आम्ही लिहिलेल्या पहिल्या कथेत शाप होता, बुडालेली राजकन्या होती, हजार अंडी होती. अंड्यांचं तुम्ही एका वाक्यात संपवलंत: वागळीला पिल्लं होतात, आणि थोडीच. शाप आम्हीच काढला, कारण तुम्ही सांगितलेली गोष्ट त्याहून खोल होती. दोरीला शिसं बांधून पाणी मोजताना शिसाच्या बुडाला चरबी फासायची. वर आल्यावर चरबीला वाळू चिकटलेली असेल तर तळ वाळूचा, चिखल असेल तर चिखलाचा. काहीच चिकटलं नाही तर खाली खडप, म्हणजे खडक. तिथे जाळं टाकलं तर फाटून येणार.

वावळीची सगळी कथा या कोऱ्या चरबीवर उभी आहे. शिसं कोरं आलं की म्हणायचं, "वावळी चाटून गेली", आणि जाळं न टाकता होडी पुढे काढायची. तिची पाठ खडपासारखी दिसते, म्हणून शिसं आपटलं ते दगडावर की तिच्यावर, कोणाला कळत नाही. मालवणच्या किनाऱ्यालगत असे बुडालेले खडक पुष्कळ, तेव्हा ती तिथलीच. मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, ती कोणाला दिसत नाही, कारण पाणी मोजायला कोणी गेलेलंच नसतं. एवढ्यावर कथा थांबवली. पाठीवर कालवं चिकटवायचा मोह होता, पण मोरीसारख्या खरखरीत कातडीवर ती सहसा टिकत नाहीत, म्हणून सोडली.

रंगवताना ३०० जीएसएमचा खरखरीत जलरंगाचा कागद, ए३ आकाराचा. त्याआधी पाच सेंटिमीटरच्या चोवीस नुसत्या काळ्या आकृत्या. आतलं काही न काढता जी ओळखू येते तीच ठेवायची. पाठीला इंडिगो आणि बर्न्ट सिएना मिसळून राखाडी, तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. पोट जवळजवळ कागदाचंच पांढरं. पाठीवरचे ठिपके आम्हाला लाल हवे होते. पण पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी मावळतो, दहा वावांवर तो काळपट तपकिरी दिसतो. म्हणून दोन चित्रं केली: होडीवर ओढलेली लाल, पाण्यातली तपकिरी.

पाठीचा खडबडीतपणा खडेमिठाचा. ओल्या रंगावर खडे टाकायचे, पण वेळ साधावी लागते. रंगाचं तळं साचलेलं असेल तर मीठ विरघळून जातं, चमक गेली असेल तर काहीच उमटत नाही. चमक आहे पण ओघळ नाही, तेवढ्यातच. सुकल्यावर मीठ हाताने झाडायचं. ड्रायर लावला की खडे रंगात रुतून बसतात.

सुधारलेली प्रत या पत्रासोबत आहे. पोटाकडची बाजू मागच्या पानावर आहे. काट्याची जागा आम्ही शेपटीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात धरली आहे. चुकली असेल तर पेन्सिलीने खूण करून पाठवा, शाई अजून भरलेली नाही.

तुमचे,
वावळीचा चित्रकार आणि तिची कथा लिहिणारी