मालकीणबाई, आमची ऑर्डर खोडल्याबद्दल आभार

मालकीणबाई, सप्रेम नमस्कार.

आपले आभार तोंडी मानून झाले आहेत. तरी हे पत्र मराठीत लिहितोय, कारण न्यू जर्सीतल्या आपल्या सिचुआनी रेस्टॉरंटात मराठी गिऱ्हाईक वाढतंय आणि आपण काउंटरवरून जे शिकवता ते त्यांनाही ठाऊक असावं.

चौघांनी मिळून तीन लालभडक पदार्थ आणि फ्राइड राइस सांगितला, की आपण पेन उचलता, एक लाल पदार्थ खोडता आणि भात साधा करता. पहिल्यांदा आलेल्याला हा आगाऊपणा वाटतो. पण मापो टोफूच्या (तिखट लाल रसातल्या टोफूच्या) शेजारी लसणावर परतलेली पालेभाजी आणि जवळजवळ अळणी सूप नसेल, तर चार घासांनंतर सगळं एकाच चवीचं लागू लागतं. त्यावर फ्राइड राइसचं तेल-मीठ आणखी चढतं. मुंबईच्या शेजवान चटणीवर पोसलेल्या जिभेला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. त्या चटणीत मिरची, लसूण, व्हिनेगर सगळं असतं. जिभेला मुंग्या आणणारं ह्वाजियाव, म्हणजे सिचुआनी मिरी, बहुधा नसतं.

शुइझू मासा (तिखट रश्शात शिजवलेला मासा) भातावर तर्रीसारखा ओतायचा नाही, हेही आपलंच सांगणं. त्यात शेवटी सुक्या मिरच्या आणि ह्वाजियाववर कडकडीत तेल ओततात. ते वासासाठी, प्यायला नव्हे. मासा आणि खालची भाजी तेवढी वेचून खायची. लात्झजीमध्ये मिरच्यांच्या ढिगातून कोंबडी शोधायची. मिरच्या ताटात राहिल्या तर अन्न टाकल्याचं पाप लागत नाही.

सगळ्यात मोठे आभार शाकाहाऱ्यांकडून. युशियांग (शब्दशः ‘माशाचा सुवास’) वांग्याच्या नावात मासा आहे म्हणून आमची मंडळी ते टाळत. त्या चवीत मासा नसतोच. लोणच्यातली मिरची, आलं, लसूण, पातीचा कांदा, साखर आणि काळं व्हिनेगर एवढंच असतं. खिमा घालता का, तेवढं मात्र विचारून घ्यावं. उलट निरुपद्रवी दिसणाऱ्या फरसबीत डुकराचा खिमा आणि कधी सुकी कोळंबी असते. म्हणजे ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. खिमा, सुकी कोळंबी, चिकन स्टॉक, चिकन पावडर आणि डुकराची चरबी, ही पाचही नावं घेऊन नको म्हणायचं.

मापो टोफूची कृती आपण हातचं काही न राखता सांगितलीत. एकोणिसाव्या शतकातल्या छंग्दूचा, सिचुआनच्या राजधानीचा, हा पदार्थ. मूळचा गोमांसाच्या खिम्याचा, पण खिम्यावाचून अडत नाही. ४५० ग्रॅम मऊ टोफूचे दोन सेंटिमीटरचे तुकडे उकळी उतरलेल्या खारट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचे. कच्चा वास जातो आणि तुकडे कमी फुटतात. कढईत चार मोठे चमचे तेल, त्यात बारीक चिरलेलं अडीच मोठे चमचे पीशियेन गावचं दौबानजियांग. बाकळ्याचे दाणे (फावा बीन्स), मिरची, मीठ आणि गव्हाचं पीठ आंबवून करतात ते. म्हणजे शाकाहारी आहे, पण गहू वर्ज्य असलेल्यांना चालणार नाही. जुनं, तपकिरीकडे झुकलेलं घ्यावं, लालचुटूक कोवळं असतं. आच मंद ते मध्यम, आणि तेल लाल होईपर्यंत धीर. बहुतेकांचं इथेच बिघडतं: मोठ्या आचेवर ते करपतं आणि कडवटपणा मग कशानेच जात नाही. नंतर आलं-लसूण, आंबवलेले काळे सोयाबीन, आणि शिटाके मशरूम भिजवलेलं पाणी एक कप. मीठ चव पाहिल्याशिवाय नाहीच. टोफू घातल्यावर कालथ्याच्या पाठीने नुसता पुढे ढकलायचा.

बटाट्याचा स्टार्च एक मोठा चमचा, अडीच मोठे चमचे पाण्यात कालवून, तीन हप्त्यांत घालायचा. एकदम ओतला तर गोळे होतात. एकदाच थोडा घालून थांबलं तर टोफू पाणी सोडतो आणि रस पातळ होतो.

ह्वाजियाव सगळ्यात शेवटी. कोरड्या तव्यावर मंद भाजून, काळ्या बिया काढून (त्या दाताखाली वाळूसारख्या कचकचतात), कुटून एक लहान चमचा वरून भुरभुरायचं. आधी घातलं तर वास उडून जातो. कोकण-गोव्याकडच्यांना हे नवं नाही: तिरफळ ह्वाजियावचंच भावंड, त्याचीही बी टाकून टरफल वापरतात आणि बांगड्याच्या आमटीत ते शेवटीच पडतं. एकाऐवजी दुसरं मात्र आम्ही घालणार नाही. तिरफळाचा वास उग्र, तो दौबानजियांगशी भांडतो. लिंबूवर्गीय झाडांच्या कँकर रोगाच्या भीतीने १९६८ ते २००५ अमेरिकेत ह्वाजियावच्या आयातीवर बंदी होती. आता ते सहज मिळतं, पण दुकानातलं पाकीट किती जुनं ते कळत नाही. एक टरफल चावून पाहायची आपली परीक्षा पक्की आहे: मिनिटभरात जीभ झणझणली नाही तर पाकीट परत.

एकच विनंती. शाकाहाराची ती पाच नावं मेन्यूवर छापाच. आपण काउंटरवर नसता त्या दिवशी फरसबी खिमा घेऊनच येते.

आपली,
मराठी खवय्ये मंडळी